बातम्यांचं पेज, चॅनल की साप्ताहिक काढताय? आधी 'एकोणीस एक ए' समजून घ्या

महिन्यातून दोन-तीनदा तरी मेसेज येतोच, दादा तालुक्याचं न्यूज चॅनल काढतोय, प्रेस कार्ड कुठून मिळेल. लोगो झालेला असतो, माईकवर लावायचा डबा छापून आलेला असतो, पण ज्याच्या जोरावर हे सगळं चालणार तो अधिकार काय आहे हे मात्र कोणी एकदाही वाचलेलं नसतं. मग पहिली जरा टोचणारी बातमी जाते, रात्री फोन येतो, "कुणाला विचारून टाकलंस रे हे?" आणि गडी घाबरून व्हिडिओ डिलीट करून मोकळा होतो. एकदा डिलीट केला की पुढच्या वेळी फोन करणाऱ्याला माहीत असतं, हा घाबरतो.

म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतोय, नवीन येणाऱ्यांसाठी. मी वकील नाही, तालुक्याच्या पातळीवर बरीच वर्षं बातम्या केल्या, नोटिसा घेतल्या, त्यातून जे कळलं ते सांगतोय. प्रकरण खरंच कोर्टात गेलं तर वकील लागतोच, त्याला पर्याय नाही.

पायरी १: प्रेस कार्डाचा नाद सोडा

संविधानात अनुच्छेद १९(१)(अ) आहे (काही प्रतींत 'क' छापलेलं दिसेल, वकील मंडळी बोलताना 'एकोणीस एक ए' म्हणतात). त्यात एवढंच आहे की सर्व नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा हक्क असेल. बस. प्रेस, वर्तमानपत्र, पत्रकार हे शब्दच नाहीत तिथे. संविधान सभेत यावर चर्चा झाली होती, प्रेसचा वेगळा उल्लेख हवा असं काहींचं म्हणणं होतं, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की संपादक असो नाहीतर मॅनेजर, शेवटी ते नागरिकच, लिहितात तेव्हा स्वतःचाच हक्क वापरत असतात, त्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय तर मुंबईत बसलेल्या मोठ्या संपादकाला जेवढा हक्क आहे तेवढाच तुम्हाला आहे, आणि गळ्यात कार्ड घातलं म्हणून तो वाढत नाही. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय जी अधिस्वीकृती पत्रिका देतं ती सोय आहे, कार्यक्रमांना प्रवेश, काही सवलती वगैरे, बोलायचं लायसन नाही ते. आणि काही लोक पैसे घेऊन कार्ड विकतात, त्यांच्या नादी तर लागूच नका. उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट लावून 'भारत सरकार मान्यताप्राप्त चॅनल' लिहिणारेही बघितलेत, अरे ती उद्योगाची नोंदणी आहे, बातमीदारीची मान्यता नव्हे.

पायरी २: आठ कारणं पाठ करा, अक्षरशः पाठ

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, बाकीचं विसरलात तरी चालेल. अनुच्छेद १९(२) मध्ये लिहिलंय की सरकार या हक्कावर कशासाठी बंधन घालू शकतं. कारणं मोजून आठ: भारताची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, अब्रुनुकसानी, आणि गुन्ह्याला चिथावणी. त्यातही बंधन कायद्यानेच घातलेलं पाहिजे आणि वाजवी पाहिजे, साहेबांच्या मनात आलं म्हणून नाही.

ही यादी सुरुवातीपासून अशी नव्हती. १९५० मध्ये मद्रास सरकारने 'क्रॉस रोड्स' नावाच्या डाव्या साप्ताहिकावर बंदी घातली आणि दिल्लीत 'ऑर्गनायझर' या संघाच्या विचाराच्या साप्ताहिकाला सांगितलं की छापायच्या आधी मजकूर दाखवा. दोन्ही प्रकरणं सुप्रीम कोर्टात गेली आणि २६ मे १९५० ला, एकाच दिवशी, दोघांच्याही बाजूने निकाल लागला. डावं-उजवं दोन्ही एकाच हक्काखाली वाचलं, हे मला फार आवडतं. मग १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली, सार्वजनिक सुव्यवस्था, परदेशांशी संबंध, चिथावणी ही कारणं आत आली आणि 'वाजवी' हा शब्दही तेव्हाच आला. सार्वभौमता आणि एकात्मता तर १९६३ मध्ये आली.

आता यादीत काय नाही ते बघा. विभागाची प्रतिमा नाही, गावाचं नाव खराब झालं हे नाही, साहेबांचा अपमान नाही, कार्यकर्त्यांच्या भावना नाहीत. 'जनहित' सुद्धा नाही! हे शेवटचं आपल्या पुण्याच्या 'सकाळ'मुळे पक्कं झालं. केंद्राने १९५६ च्या कायद्याखाली १९६० मध्ये आदेश काढला, पेपरची पानं किती त्यावर किंमत ठरणार, पानं वाढवली तर किंमत वाढवा नाहीतर पानं कमी करा. सरकार म्हणालं मोठे पेपर छोट्यांना गिळतात, ते थांबवायचंय. 'सकाळ' कोर्टात गेला, आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हेतू चांगला असेलही, पण १९(२) च्या यादीत तो बसत नाही, आणि किती लोकांपर्यंत पोचायचं, किती पानांत पोचायचं हा सुद्धा अभिव्यक्तीचाच भाग आहे. कायदा आणि आदेश दोन्ही उडाले. पुढे १९७२ मध्ये न्यूजप्रिंटच्या (पेपर छापायच्या कागदाच्या) कोट्यावरून आणि दहा पानांच्या मर्यादेवरून असाच निकाल आला, तो 'टाइम्स' वाल्या बेनेट कोलमनचा.

तर फोन आला की तीनच प्रश्न विचारायचे, आवाज न चढवता. कुठल्या कायद्याचं कुठलं कलम? लेखी देता का? सही कोणाची असेल? एकदा मी एका रस्त्याच्या कामाची बातमी केली, दुसऱ्या दिवशी एका कार्यालयातून फोन, विभागाची बदनामी झाली, बातमी काढा. मी म्हटलं साहेब, तुमची बाजू असेल तर लगेच लावतो, पण काढायची असेल तर लेखी पाठवा, कलम लिहा. तीन वेळा फोन आला, तिन्ही वेळा हेच म्हटलं, कागद काही आला नाही. दरवेळी असंच होईल अशी खात्री नाही देत, पण लेखी म्हटलं की अर्धे लोक तिथेच थंडावतात.

आणि हो, खरंच चूक असेल तर तीही लगेच दुरुस्त करा, कलमाची वाट बघू नका.

पायरी ३: कुठली कलमं अंगावर येऊ शकतात ते ओळखा

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, त्यामुळे नंबर बदललेत, जुने लोक अजून जुनेच नंबर बोलतात, गोंधळू नका.

सगळ्यात जास्त दाखवली जाणारी भीती म्हणजे बदनामीची. जुनी ४९९-५००, आता कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा नव्या कायद्यात समाजसेवा. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी नवीन लोकांना कोणी सांगतच नाही, फौजदारी बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे, ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागते. म्हणजे "उद्या पोलीस उचलून नेतील तुला बदनामीत" हे वाक्य नुसतं घाबरवायला असतं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने फौजदारी बदनामीचा कायदा वैध ठरवलाय, मला तो निकाल पटत नाही, पण आहे तो आहे.

दुसरं, 'खरं आहे ना मग काय' असं फौजदारीत चालत नाही, खरं असलं पाहिजे आणि ते सांगण्यात लोकांचं भलं असलं पाहिजे, दोन्ही. कलमाला दहा अपवाद आहेत, बसून वाचा, सरकारी नोकराच्या सरकारी कामाबद्दल प्रामाणिकपणे व्यक्त केलेलं मत त्यात येतं, कोर्टाच्या कामकाजाचा खरा वृत्तांत येतो. ग्रामसेवकाने दाखले अडवले ही बातमी, ग्रामसेवकाच्या घरात काय भांडण चालू आहे ही बातमी नव्हे, एवढं साधं आहे ते. दिवाणी दावा वेगळा, तिथे खरेपणा सिद्ध झाला की पुरेसं असतं, आणि तो दावा एक वर्षाच्या आत टाकावा लागतो.

मग १९६ (जुनं १५३ए), दोन गटांत शत्रुत्व वाढवणं, २९९ (जुनं २९५ए), मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं, आणि ३५३, अफवा किंवा लोकांना भडकवणारी विधानं. ही मात्र गंमत नाही, १९६ आणि २९९ मध्ये पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. जत्रेतली मारामारी, मिरवणुकीतली दगडफेक अशा वेळी व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप तशीच टाकायची सवय ज्यांना आहे ते यात सापडतात. आधी क्लिप कधीची, कुठली, ते शोधा, कित्येकदा दुसऱ्याच राज्यातली आणि तीन वर्षं जुनी निघते.

पण शब्द मोजायचे कोणाच्या तराजूत? त्याचं उत्तर नागपूरच्या जुन्या हायकोर्टात आहे. १९४० च्या दशकात भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात सांगितलं गेलं की शब्दांचा परिणाम समंजस, कणखर, धीट माणसाच्या नजरेने बघायचा, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या, डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेने नाही. हेच माप सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना पुन्हा वापरलं. त्याच निकालात आणखी एक कामाचं आहे, तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, आरोप बोलण्या-लिहिण्याचा असेल तर पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(३) प्रमाणे. वकिलाला हे नक्की आठवण करून द्या.

राजद्रोहाबद्दल खूप जण विचारतात. १२४ए हे इंग्रजांनी १८७० मध्ये आणलेलं, टिळकांवर १८९७ ला लागलं, पुन्हा १९०८ ला लागलं आणि मंडालेची सहा वर्षं झाली. स्वातंत्र्यानंतरही ते राहिलं, फक्त १९६२ मध्ये केदारनाथ सिंह निकालात सुप्रीम कोर्टाने ते हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरतं आवळलं, आणि मे २०२२ मध्ये तर गोठवलंच. नव्या संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे, देशाची सार्वभौमता, एकता, एकात्मता धोक्यात आणणारी कृत्यं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. शब्द मोघम आहेत, म्हणून कलम गंभीरपणे घ्या, पण त्याखालचं स्पष्टीकरणही वाचा, सरकारच्या कामावर कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका त्यात येत नाही असंच म्हटलंय.

आयटी कायद्याचं ६६ए (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं कलम) अजून कोणी दाखवत असेल तर हसू दाबून सांगा की ते २४ मार्च २०१५ लाच रद्द झालं. पालघरमध्ये २०१२ साली फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती, त्यातूनच श्रेया सिंघल खटला उभा राहिला. नुसती चर्चा, एखाद्या मताचा प्रचार आणि थेट चिथावणी यात फरक आहे, पहिल्या दोन्हीला संरक्षण आहे, हे त्या निकालात आहे. मरून सात वर्षं झाल्यावरही पोलीस ठाण्यांत हे कलम लागत होतं, म्हणून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत सांगावं लागलं.

पायरी ४: बातमी टाकायच्या आधी कागद

आगरकरांचं 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे नाव ऐकलं असेल. ते आणि टिळक १८८२ मध्ये आत का गेले ते मात्र कमी लोकांना माहीत असतं. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'ने केला, हातात पत्रं होती, आणि ती पत्रं बनावट निघाली. हेतू चांगला, तळमळ खरी, कागद खोटा. चार महिन्यांची शिक्षा झाली. टिळक-आगरकरांना कोणी खोटा कागद देऊ शकतं तर तुम्हाला-मला व्हॉट्सॲपवर पीडीएफ द्यायला किती वेळ लागतो, आणि देणारा बऱ्याचदा विरोधी गटाचा माणूस असतो ज्याला तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवायची असते.

म्हणून सरकारी कागद शक्यतो माहिती अधिकारातून घ्या. बोलायचा हक्क आहे तर माहिती मिळायचाही आहे, हे सुप्रीम कोर्टाने २००५ च्या कायद्याच्या कितीतरी आधी मान्य केलंय. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाने अर्ज १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतात. का हवीय ते सांगायची गरज नाही, विचारलं तरी लिहू नका. 'अमुक रस्त्याबाबत सर्व माहिती द्या' असं लिहिलं की काहीच मिळत नाही, त्याऐवजी मोजमाप पुस्तिकेची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत, अदा केलेल्या बिलाची प्रत असं कागदाचं नाव लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, आणि तिथे थांबावं लागतं बराच काळ, मनाची तयारी ठेवा. एक गोष्ट फार कमी लोक वापरतात, या कायद्यात कामाची आणि कागदांची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुने सुद्धा मागता येतात. कागद मिळाला की प्रमाणित प्रत घ्या, शिक्क्याची, हीच पुढे कोर्टात उपयोगी पडते.

दुसऱ्या बाजूला विचारा, आणि विचारल्याचा पुरावा ठेवा. फोन उचलला नाही तर मेसेज करा, उत्तराला रास्त वेळ द्या, आणि बातमीत लिहा की विचारलं होतं. 'घोटाळा', 'चोर', 'भ्रष्ट' हे शब्द थंबनेलवर टाकताना शंभर वेळा विचार करा, आत कितीही नीट मांडणी केली असली तरी नोटीस थंबनेलवर येते. बिलात ८०० मीटर आणि जागेवर ६०० मीटर हे लिहिलं तर वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं.

जी नावं अजिबात द्यायची नाहीत ती: बलात्कार पीडितेची ओळख (न्याय संहितेचं कलम ७२, पीडिता मरण पावली असली तरी नाही), पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) प्रकरणातलं मूल, आणि कायद्याशी संघर्ष झालेलं, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं अल्पवयीन मूल. ओळख म्हणजे फक्त नाव नाही, घराचा फोटो, शाळेचं नाव, बापाचा व्यवसाय, गल्ली, यातून खेड्यात सगळ्यांना कळतंच कोण ते. इथे अभिव्यक्ती स्वातंत्र्य वगैरे काही चालणार नाही आणि चालूही नये.

कोर्टाच्या बातम्यांत निकालावर टीका करता येते, न्यायाधीशाच्या हेतूवर नाही. विधानसभेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत द्यायला अनुच्छेद ३६१ए चं संरक्षण आहे, पण सभागृहात आमदार जे बोलले तेच वाक्य तुम्ही बाहेर स्वतःचं म्हणून बोललात तर ते तुमच्या गळ्यात.

पायरी ५: नोंदणी

छापील साप्ताहिक, पाक्षिक काढायचं असेल तर नोंदणी हवीच. १८६७ चा जुना कायदा गेला, प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, अर्ज 'प्रेस सेवा' पोर्टलवर ऑनलाइन होतो, जिल्हाधिकाऱ्यांसमोर जाऊन घोषणापत्र करायची जुनी भानगड संपली. यूट्यूब चॅनलला हा नोंदणी नंबर मिळत नाही, कोणी काढून देतो म्हणाला तर पैसे वाचवा.

डिजिटल बातम्यांसाठी २०२१ चे आयटी नियम आहेत, त्यातल्या आचारसंहितेच्या नियम ९ च्या काही भागाला मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. त्या वादात न पडता एवढं करा, पेजवर तुमचं नाव, संपर्क, तक्रारीसाठी ईमेल ठेवा, तक्रार आली तर १५ दिवसांत उत्तर द्या. निनावी पेज चालवून दुसऱ्याला पारदर्शकता शिकवणं बरं दिसत नाही. २०२३ मध्ये याच नियमांत दुरुस्ती करून केंद्र सरकारला स्वतःच्या कारभाराबद्दलची माहिती खोटी आहे की नाही हे ठरवणारं फॅक्ट चेक युनिट आणायचं होतं, कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टात दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, तिसऱ्यांकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली.

पायरी ६: रस्त्यावर उभं राहून शूट करताना

सार्वजनिक जागेत चालू असलेलं सार्वजनिक काम शूट करायला कोणाची परवानगी लागत नाही. खाजगी घरात, दवाखान्याच्या वॉर्डात, शाळेच्या वर्गात घुसायचा मात्र हक्क नाही, कितीही मोठी बातमी असली तरी. पोलीस ठाण्यात मोबाईल काढला की ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टची धमकी मिळते, तर नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये अशाच एका प्रकरणात सांगितलंय की त्या कायद्यातल्या निषिद्ध जागेच्या व्याख्येत पोलीस ठाणं येत नाही. पण म्हणून उगाच मुजोरी करत कॅमेरा नाचवू नका, कामात अडथळा आणला हे कलम लावायला त्यांना फार वेळ लागत नाही.

मारहाण झाली तर महाराष्ट्रात २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे, २०१९ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या अधिकाऱ्याने करायचा. ठाण्यात फिर्याद देताना या कायद्याचं नाव तुम्हीच काढा, नाहीतर साध्या मारहाणीवर मिटतं. एक अडचण आहे, कायद्यात पत्रकार म्हणजे मुख्य काम तेच असणारा आणि एखाद्या प्रसारमाध्यम संस्थेत पगारावर किंवा करारावर असणारा, त्यामुळे एकट्याने चॅनल चालवणारा त्यात बसतो का यावर वाद होऊ शकतो. खोटी तक्रार केली तर त्यालाही शिक्षा आहे, हेही लक्षात असू द्या.

पायरी ७: नोटीस, गुन्हा, अटक

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नाही. पाच कोटींची भरपाई लिहिलेली असली तरी तो अजून फक्त कागद आहे. पाकीट आलं की तारीख टाकून ठेवा, व्हिडिओ किंवा पोस्ट डिलीट करू नका (डिलीट केलं की पुरावा लपवला असं म्हणतात), फेसबुकवर नोटीस टाकून टिंगल तर मुळीच करू नका, मुदतीत वकिलामार्फत मुद्देसूद उत्तर द्या. कोर्टातून प्रसारण थांबवायचा तातडीचा मनाई हुकूम आणायचा प्रयत्न झाला तर मार्च २०२४ चा ब्लूमबर्ग निकाल वकिलाला सांगा, खटला चालायच्या आधीच बातमी बंद करायचा आदेश सहजासहजी द्यायचा नाही असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलंय.

गुन्हा दाखल झाला तर पहिलं काम एफआयआरची प्रत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय, तरी आली तर दुर्लक्ष करू नका, वकिलामार्फत कळवा की रीतसर द्या, येतो. आणि ठरल्या दिवशी जा, नाही गेलात तर अटकेला कारण तुम्हीच दिलंत.

अटक झालीच तर अनुच्छेद २२: कारण सांगितलं पाहिजे, वकिलाला भेटू दिलं पाहिजे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. कारणं लेखी मागा. २०२४ मध्ये न्यूजक्लिक या बातम्यांच्या वेबसाइटचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवली ती याच मुद्द्यावर, अटकेची कारणं लेखी दिली नव्हती.

प्लॅटफॉर्मनेच व्हिडिओ उडवला तर आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तिथे नाही झालं तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. फुकट आहे, वकील लागत नाही, पण लोकांना माहीतच नाही.

राहिला फोन. आपल्याकडे बातमीचा सूत्र कोण हे लपवायचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा नाही, प्रेस कौन्सिलच्या सुनावणीत तेवढी सवलत आहे, कोर्टात नाही. म्हणून ज्याने विश्वासाने माहिती दिली त्याचं नाव फोनमध्ये 'पीडब्ल्यूडी क्लार्क माहिती देणारा' असं सेव्ह करणारे महाभाग तुम्ही होऊ नका. फोन जप्त करत असतील तर पंचनाम्याची प्रत मागा, त्यात मॉडेल आणि आयएमईआय लिहून घ्या, हॅश व्हॅल्यू (फोनमधल्या डेटात नंतर बदल झाला का ते दाखवणारा आकडा) मागा, जप्तीचं व्हिडिओ चित्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करायचंच असतं ते करायला सांगा. शूट केलेलं सगळं रोजच्या रोज दुसऱ्या ठिकाणी कॉपी करून ठेवा. आणि वकिलाचा आणि घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आपल्याला हल्ली बायकोचा नंबरही पाठ नसतो आणि फोन तर टेबलापलीकडे साहेबांकडे असतो.